पांढरीशुभ्र

"माझ्या प्लेटा कुठे आहेत?"

उबदार कपाटाचं दार उघडं टाकूनच ताईंनी विचारलं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. चार दिवस त्या वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या; बुरशीची निगा त्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुखांवर, सरांवर सोपवली होती. मधल्या फळीवरची त्यांची सुरकुतलेली, पिवळट कोजी बुरशी गायब होती. तिथे पांढऱ्याशुभ्र, पिंजलेल्या कापसासारख्या प्लेटा मांडल्या होत्या.

"त्याच आहेत की," सर म्हणाले. "मी स्वतः बुरशी नव्या प्लेटांवर घेतली. बघा, कशी तरारलीय!"

"घेतली कुठून?"

"जिथे चांगली वाढली होती तिथून. एका कडेला मस्त पांढरा पट्टा आला होता."

"आणि जुन्या प्लेटा?"

"वाफेच्या भांड्यात घालून निर्जंतुक केल्या. उद्या अनुदान देणारे पाहुणे येणार, त्यांना काय ते खरूज झाल्यासारखं दाखवायचं?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांदूळ आंबवणाऱ्या या साध्या बुरशीत त्यांनी एका झाडाचे जीन घातले होते. ज्या वेदनाशामक औषधासाठी त्या झाडांची साल सोलून सोलून जंगलं उघडी पडली, ते औषध बुरशीने करावं म्हणून. त्या ओझ्याने बुरशी खुरटायची. ओझं टाकून दिलं, की तीच गुटगुटीत व्हायची. निरोगी कडेचा तुकडा उचलायचा, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. या बुरशीचं नेमकं उलटं होतं. ताईंनी सरांना ते दहादा सांगितलं होतं, आणि दहाही वेळा त्यांनी मान डोलावली होती. नंदीबैल मेला!

या बुरशीला बीजाणू धरत नसत, गोठवली तर ती मरायची. म्हणून दर तिसऱ्या दिवशी सुईच्या टोकाने तिला नव्या अन्नावर न्यावं लागे, सणवार असो की रविवार. "त्या बुरशीशीच लग्न लाव एकदाचं," असं म्हणून धाकट्या बहिणीने सणाला बोलावणं सोडलं होतं. वडिलांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, तेही हिच्याचपायी.

दुपारी ताईंनी पांढरी बुरशी तपासून पाहिली. यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघ. औषधाचा मागमूस नाही.

"पुन्हा तयार करू," सर म्हणाले.

"कशी? हजारोंतून एक हाती लागली होती ती!"

"हळू बोला. उद्या फक्त प्लेट हातात धरायची. आकडे मी सांगेन. जुने असले तरी खरेच आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सरांनी कौतुकाने प्लेट ताईंच्या हातात दिली. एका बाईंनी वाकून पाहिलं. "हीच का औषध करणारी? किती सुंदर आहे!"

"नाही," ताई म्हणाल्या. "ही नुसती बुरशी आहे. औषध करणारी होती ती मेली. पाहुण्यांना कुरूप दिसेल म्हणून सरांनी वाफेवर घातली."

ताईंनी प्लेट टेबलावर ठेवली, एप्रन काढला आणि त्या बाहेर पडल्या. मागून सर धावत आले. "चारचौघांत माझं नाक कापलंत तुम्ही!"

"आहे ना अजून जागेवर? माझी वाफवलेली बुरशी दाखवा जागेवर आणून!"

त्या संतापातच घरी पोचल्या. वडील खिडकीशी काळा चष्मा लावून बसले होते. पावलं ओळखून त्यांनी तोंड वळवलं.

"आलीस? कशी आहे गं तुझी बुरशी?"

ताईंनी पिशवी खुंटीला अडकवली.

"मजेत आहे, बाबा."

"बघ! मी तुला म्हणत होतो. चार दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

"हो ना," ताई म्हणाल्या. त्यांनी साबणाने हात धुतले, थरथर थांबेपर्यंत नळाखाली धरले. मग औषधाची बाटली घेऊन त्या वडिलांच्या मागे उभ्या राहिल्या.

"मान मागे करा," त्या म्हणाल्या, आणि दोन बोटांनी त्यांची पापणी हलकेच उघडी धरली.