गोळीवर जळणारी शेकपिशवी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी शेकपिशवी आहे, आणि मी एका गोळीवर जळते. अगदी मनापासून जळते.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. मी गळत नाही ना, हे पाहून मला दुकानात धाडलं आणि तिथून एका बाइंडिंग करणाऱ्या बाईंनी घरी आणलं. बाई जुनी पुस्तकं उसवून पुन्हा शिवतात, पुठ्ठे चढवतात. खळ, दोरा, दाभण आणि दहा बोटं, एवढ्यावर त्यांचं सगळं चालतं. त्याच बोटांना संधिवात जडला. सकाळी मूठ वळायची नाही. मग त्यांच्या नणंदबाई पाणी तापवून मला भरायच्या, टॉवेलात गुंडाळून बाईंच्या मांडीवर ठेवायच्या. हळूहळू बोटं सैल व्हायची. "ही म्हणजे माझी पाठची बहीणच," बाई म्हणायच्या. संधिवाताची औषधं चालूच होती, पण कौतुक माझं व्हायचं. मी नुसती फुगून जायचे.

एकदा रक्ततपासणीत बाईंचं कोलेस्ट्रॉल वाढलेलं निघालं. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी सुरू केली. एवढीशी, मसुरीच्या दाण्याएवढी! रक्तातली चरबी उतरवणं हे तिचं काम. माझ्या कामात लुडबुड करायचं तिला कारणच नव्हतं. पण काही महिन्यांनी बाईंच्या बोटांची सूज कमी दिसू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी काही जणांची सूजही थोडी शमवते, असं दिसून आलंय. तुमचंही तसं झालं असेल."

झालं! नणंदबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, "मूर्ती लहान, पण कीर्ती महान!" आणि मी? मी खुंटीवर. कानामागून आली आणि तिखट झाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका कामाला आणलेल्या बयेनं दुसरीचंही काम बळकावावं, हा कुठला न्याय?

पुढच्या तपासणीत कोलेस्ट्रॉल अगदी प्रमाणात आलं.

"वन्सं, आता कशाला ती गोळी?" बाई म्हणाल्या.

"डॉक्टरीणबाईंना विचारलंत का, वहिनी?"

"त्यात काय विचारायचं? पुस्तक शिवून झालं, की सुई आपण ठेवूनच देतो ना!"

गोळ्यांची पट्टी डब्याच्या तळाशी गेली आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

काही आठवड्यांत सूज परत आली. पेरं लाल आणि गरम झाली, दाभण हातातून निसटू लागलं. एका शाळेची पुस्तकं अर्धवट शिवलेली पडून राहिली. "पिशवी आणा हो!" बाई कळवळल्या. मी ऐटीत खुंटीवरून उतरले. पण मित्रांनो, आधीच पोळणाऱ्या बोटांना मी आणखी तापवलं. बाईंनी हात मागे ओढला आणि त्या रडल्या. माझी सगळी ऐट उतरली.

डॉक्टरीणबाई धावत वर आल्या. पट्टीतल्या न घेतलेल्या गोळ्या पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, कोलेस्ट्रॉल उतरलं ते हिच्यामुळेच! थांबवलीत की पुन्हा चढणार. सूज हिच्यावाचूनच भडकली, असं मी छातीठोक सांगणार नाही; सांध्यांचं औषधही बघावं लागेल. पण ही आग नुसती बोटांत नसते, रक्तवाहिन्यांतही असते. तुमच्या हृदयाला या गोळीचा आधार होता, तो तुम्ही आपल्या हातानं काढून घेतलात."

हृदय! तिथवर माझी ऊब कधी पोचलीच नव्हती. मला तिचा आणखीच हेवा वाटला.

"आणि पेरं अशी गरम असताना शेक नको," त्या म्हणाल्या. "हिच्यात गार पाणी भरा."

शेकपिशवीत गार पाणी! मी शरमेनं आक्रसले. पण टॉवेलावरून बाईंनी बोटं टेकवली आणि त्यांचा चेहरा निवळला.

आता सांध्यांचं औषध बदललंय आणि गोळी पुन्हा सुरू झाली आहे. शाळेची पुस्तकंही शिवून गेली. मित्रांनो, बरं वाटलं म्हणून कोणतंही औषध आपल्या मनानं सोडू नका, आणि घरातल्या मोठ्यांनाही सोडू देऊ नका. गोळीचा हेवा मला आजही वाटतो, तो काही जायचा नाही. पण रोज संध्याकाळी बाई ती तोंडात टाकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.