बिनभिंतीचं फाटक

ठमी बावीस वर्षांची झाली तरी ठमीच राहिली. खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदावर. तिला बोलायला आवडत नसे, गलका सोसत नसे, आणि रोजची गोष्ट रोजच्यासारखी झाली नाही तर तिच्या जिवाची नुसती तगमग होई. याला ऑटिझम म्हणतात, हे डॉक्टरांनी तिच्या आईला एका बैठकीत समजावलं होतं. तेच बाकीच्या जगाला समजावण्यात आईची निम्मी हयात गेली.

मधली दोन वर्षं तर ठमी खोलीबाहेर पडलीच नव्हती. आई शिवणयंत्र तिच्या दाराशी ओढून तिथेच गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची. मग केंद्रातून सोबतीणमावशी येऊ लागल्या. ठमीसारख्या मोठ्या माणसांसाठी वस्तीतल्याच लोकांनी ते केंद्र काढलं होतं, आणि घरापासून तिथपर्यंत सोबत करणं हे मावशींचं काम. सुरुवातीला त्या नुसत्या उंबऱ्यावर बसून असत. 'बसायचाच पगार मिळतो वाटतं यांना,' असं आईच्या मनात येऊन जाई. पण एके दिवशी ठमी मावशींच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेली, काही आठवड्यांनी रस्त्यापर्यंत. आता ती रोज केंद्रात जाऊन टॉवेलांच्या घड्या घालत होती, अशा की इस्त्रीवाल्यानेही तोंडात बोट घालावं. आणि आई कित्येक वर्षांनी गरम चहा गरम असतानाच पीत होती.

या सगळ्याची किल्ली होती एका गंजक्या फाटकात. केंद्राची वाट एका बंद गोदामाच्या आवारातून जायची. ठमी फाटक ढकलायची, ते 'कर्रर्र… कुईं' असं किंचाळायचं, ती आत जाऊन वळून कडी लावायची, आणि मग तिचे खांदे सैल पडायचे. एकदा कुणीतरी तिथे कुलूप ठोकलं, तर ठमी तिथूनच माघारी फिरली आणि महिनाभर खोलीतून हलली नाही.

आणि आता महिनाभरापासून त्या गोदामाचंच पाडकाम चाललं होतं.

आई मुकादमाला भेटायला गेली. हा आडवातिडवा माणूस, आवाज असा की यंत्राने लाजावं.

"दादा, सगळं पाडा, पण तेवढं फाटक ठेवा."

"बाई, भिंत गेल्यावर फाटक कशाला? वाऱ्याला अडवायला?" मुकादम हसला. "सोमवारपर्यंत मैदान करायचंय मला. तुमच्या लेकीला सांगा, आता कुठूनही या, कुठूनही जा!"

आईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन तिने मावशींपुढे सगळं ओकून टाकलं.

"अगं, विनवण्या कशाला करतेस?" मावशी म्हणाल्या. "त्यांना चालायला बोलवू."

केंद्राची ही रीतच होती. ज्याला काही समजून घ्यायचं असेल त्याने एक सकाळ मागून चालायचं, तोंड मिटून. मुकादम आला खरा, बहुधा मावशींपासून पाठ सोडवून घ्यायला. त्या दिवशी ठमीने फाटक ढकललं, कडी लावली, खांदे सैल सोडले. मुकादम मागे उभा राहून पाहत होता.

"फाटकच का?" केंद्राच्या दारात त्याने हळूच विचारलं.

"ते तिलाच ठाऊक," मावशी म्हणाल्या. "आपल्याला एवढंच ठाऊक, की फाटक लागतं."

त्याने डोकं खाजवलं, हेल्मेट चढवलं आणि कामावर गेला.

सोमवारी आई स्वतः बरोबर निघाली. कोपरा वळली आणि जागीच थबकली. गोदाम नव्हतं, भिंत नव्हती, विटेचा तुकडासुद्धा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट मोकळी जमीन, आणि तिच्या मधोमध, दोन खांबांवर, लाकडी टेकू लावलेलं एकटं फाटक. त्याच्यामागे आभाळ दिसत होतं. आईने जन्मात देवाकडे पुष्कळ काही मागितलं होतं, पण हे मागायचं तिला सुचलंच नसतं.

मुकादम आणि त्याची माणसं फावडी टेकवून उभी होती. ठमी सरळ फाटकाशी गेली. ढकललं.

फाटक लोण्यासारखं उघडलं. आवाजच नाही.

ठमीचा हात तिथेच अडकला. तिने फाटक ओढलं, पुन्हा ढकललं. काही नाही. तिची बोटं कानांकडे गेली आणि ती डोलू लागली.

"अरे, तेल कुणी घातलं?" मावशी कुजबुजल्या.

"मी," मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हटलं, पोरीला जड जायला नको…"

आईला रागही येईना. हा डोंगराएवढा माणूस रविवारी तेलाची बाटली घेऊन फाटकापाशी वाकला असेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि तिकडे ठमी एक पाऊल मागे सरकली होती. आणखी दोन पावलं, की पुन्हा ती खोली.

तेवढ्यात मुकादमाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, डोळे मिटले, आणि सगळ्या माणसांदेखत, त्या राक्षसी गळ्यातून आवाज काढला.

"कर्रर्र… कुईं!"

कुणी हसलं नाही. महिनाभर रोज सकाळी ऐकलेला आवाज. त्याने तो अगदी वरच्या टोकाच्या किरकिरीसकट उचलला होता.

ठमी थांबली. फाटकाकडे पाहिलं. पुढे झाली, ढकललं.

"कर्रर्र… कुईं!"

ती आत गेली, वळली, कडी लावली. तिचे खांदे सैल पडले. मावशी तिच्यामागोमाग कडी काढून गेल्या आणि दोघी केंद्राच्या वाटेला लागल्या.

आई त्यांच्या मागे केंद्रापर्यंत गेली, ठमीने पहिला टॉवेल हातात घेतलेला पाहिला, आणि एकटीच परत निघाली. मैदानात काम सुरू झालं होतं. चारी बाजूंनी वाट मोकळी होती, आणि घरी शिवणाचा ढीग पडला होता. तरी तिची पावलं फाटकाकडेच वळली. पलीकडून घमेली घेऊन दोन मजूर आले, तेही रांगेत फाटकातूनच आले आणि मागे कडी लावून गेले. त्यांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नव्हतं.

आईने कडी काढली आणि फाटक ढकललं.

पाठमोरा मुकादम फावड्याने माती ओढत होता. त्याने मान वळवली नाही, हातही थांबवला नाही.

"कर्रर्र," तो म्हणाला, "कुईं."