दोनदा दाबायची घंटा

पणजोबांनी छापखान्यातल्या उमेदवारांना फळ्यावर शिकवले, आजोबांनी रंगीत तक्त्यांवर आणि वडिलांनी व्हिडिओ कॅसेटवर. तिघांच्याही शिकवण्यात काडीची चूक निघाली नाही, असे त्या घरात अजूनही ऐकवले जाते. धडेबाई चौथ्या पिढीच्या. कागद कापायच्या यंत्राचा धडा त्यांनी संगणकावर आणला, फ्लॅश या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो सतरा वर्षे चालला. पुढे ब्राउझरांनी फ्लॅशला दार बंद केले, तेव्हा बाईंनी कंबर कसून तोच धडा एचटीएमएलमध्ये, फोनवरही चालेल असा, नव्याने बांधला.

पहिल्याच परीक्षेत सगळा कापणी विभाग नापास झाला. मुकादमसुद्धा.

"तीस वर्षं कागद कापतोय. दहाही बोटं जागेवर आहेत," मुकादम ती नाचवत म्हणाले, "आणि हा फोन मला नापास करणार?"

"यंत्र सुरू करण्याआधी इशाऱ्याची घंटा एकदाच दाबायची, मुकादम. तुम्ही दोनदा दाबलीत."

"दोनदाच दाबतात," मुकादम पापणीही न हलवता म्हणाले. "पहिली स्वतःला सावध करायला, दुसरी इतरांना."

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जुन्या धड्यात पडद्यावरच्या घंटेचा पहिला दाब वायाच जाई. चूक बाईंचीच होती. छापखान्याच्या थोरल्या मालकांसमोरच्या पहिल्या प्रात्यक्षिकात घंटा मुकी राहिली, तेव्हा याच मुकादमांनी हे शास्त्र जागच्या जागी रचून बाईंची नोकरी वाचवली होती. ते निभावण्यासाठी खरी घंटाही दोनदा वाजू लागली आणि हातांना सवयच जडली.

आता थोरल्यांची कन्या, सध्याची मालकीण, निकालपत्रक घेऊन उभी होती. "नापास झालेल्यांनी उद्यापासून यंत्राला हात लावायचा नाही. मुकादमांनीसुद्धा."

मुकादम छताचा पंखा न्याहाळत राहिले. बाईंनी घराण्याचा मान आवंढ्यासारखा गिळला.

"चूक माझ्या जुन्या धड्यात होती, मॅडम. पहिल्यांदा दाबलं की घंटा वाजायचीच नाही. मुकादमांनी मला पाठीशी घातलं. नापास करायचं तर मला करा."

मालकीणबाईंनी पेनाचे टोपण काढले.

"बाबा घराची बेलही दोनदा वाजवायचे," त्या म्हणाल्या. "पहिली स्वतःसाठी, म्हणायचे. आई दोन्ही वेळा धावायची."

त्यांनी निकालपत्रकावर आडवी रेघ ओढली आणि फेरपरीक्षा लावली.

मुकादम पंख्यावरून खाली उतरले. "फिटलं, बाई," ते हळूच म्हणाले. "व्याजासकट."