सात नंबरची कूस

सकाळची प्रार्थना आठला दहा कमी असताना संपायची आणि आठाच्या ठोक्याला चार्ट भरून झालेले असायचे. मधल्या दहा मिनिटांत सिस्टर चौदा म्हाताऱ्यांचा अख्खा दिवस उरकून टाकायची.

चर्चच्या त्या वृद्धाश्रमात नियम चांगले होते. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर अंथरुणाला टेकून टेकून पाठीला जखम होते. वळवलं की खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या चार्टवर बाजू लिहायची आणि सही करायची. आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी, पुन्हा डावी, असं संध्याकाळी सहापर्यंत. एका माणसाला नीट वळवायला दोघं लागतात, आणि दिवसपाळीला माणसं होती दोनच: नर्सचं काम करणारी सिस्टर आणि मावशी. मावशीकडे स्वयंपाकघर, धुणं, फरशी आणि वेळ उरलाच तर म्हातारे.

पहिल्या वर्षी सिस्टर जेवढं वळवायची तेवढंच लिहायची. मग मॅनेजरसाहेबांनी तिला बोलावून, अगदी मायेनं, सांगितलं की रिकामे रकाने पाहून भेटायला आलेल्यांच्या मनाला लागतं. मॅनेजरसाहेब चर्चच्या कमिटीवरही होते. लोकांच्या मनाची काळजी त्यांच्याकडेच होती. सिस्टरने रकाने भरायला घेतले. तेव्हापासून कोणाच्याच मनाला काही लागेनासं झालं.

सिस्टरच्या मनाला लागायचं, पण ते चार्टवर दिसत नव्हतं. रविवारच्या शाळेत ती लहान मुलांना खरं बोलण्याचा धडा शिकवायची. चांगला शिकवायची, असं सगळे म्हणत.

सात नंबरला मास्तर होते. चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. मानेखालचा सगळा कारभार बंद, डोकं मात्र सुरीसारखं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि मास्तरांना दुसरा उद्योग नव्हता.

"सिस्टर, साडेबारा झाले," ते म्हणायचे. "कागदावर मी आता कुठे आहे?"

"उजव्या कुशीवर, मास्तर."

"खिडकीकडे तोंड करून. वा. काय दिसतंय म्हणे त्या कागदावरच्याला?"

"वळवते हं, मावशी आली की."

"मावशी आली की" हे शब्द सिस्टरच्या तोंडी प्रभूच्या नावापेक्षा जास्त वेळा यायचे. मास्तर मान डोलवायचे. "सावकाश. त्याला माझा नमस्कार सांगा. त्याची पाठ बरी असेल." सिस्टर हसायची आणि मग ते हसू दिवसभर घासात खडा आल्यासारखं तोंडात कचकचायचं.

एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता मास्तर गेले. डॉक्टरांनी तशी वेळ लिहिली. चार्टवर मात्र मास्तर दोनला डाव्या कुशीवर वळले, चारला पाठीवर आले आणि सहाला उजवीकडे तोंड करून निजले. तिन्ही ठिकाणी सिस्टरची सही, सुवाच्य.

मास्तरांची मुलगी परगावाहून यायच्या आत मॅनेजरसाहेबांनी चार्ट काढून घेतला. पण बापाला स्वच्छ कपडे घालताना मुलीने पाठ पाहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला त्यांचा चार्ट पाहायचाय." उद्या अकराला या, असं ठरलं.

मॅनेजरसाहेबांनी सिस्टरला आत बोलावून दार लोटलं.

"सिस्टर, मास्तर सव्वाला गेले. इथे सहाला कूस बदलतायत."

"हो."

"आपला पुनरुत्थानावर विश्वास आहे. पण त्याच दिवशी, संध्याकाळी सहाला, नाही."

मॅनेजरसाहेब विनोद करत नसत. हेही त्यांनी तक्रार म्हणूनच सांगितलं. मग त्यांनी एक कोरा चार्ट पुढे सरकवला. "नवा लिहा. बारापर्यंतच."

"साहेब, बारापर्यंतचंही खोटंच आहे."

"बारापर्यंत ते जिवंत होते, हे खरं आहे ना?"

"हो."

"मग तेवढ्या खऱ्यावर सही करा. त्या मुलीचं दुःख वाढवण्यात कसली आलीय प्रीती?" ते उठून खिडकीशी गेले. "आणि आश्रम बंद पडला तर उरलेल्या तेरा जणांना कुठे नेणार आहात, तुमच्या घरी?"

सिस्टरच्या घरी दीड खोली होती. तिने चार्ट घेतला.

स्वयंपाकघरात मावशी पातेलं घासत होती. तिने कागदाकडे एकदा पाहिलं आणि सिस्टरकडे एकदा. "लिहून टाका की. रोज चौदा लिहिता, आज एकाचं काय जड झालंय?"

"मावशी, काल आपण मास्तरांना किती वेळा वळवलं?"

"नऊला. अंग पुसताना. नंतर तुम्ही हाक मारलीत, मी आले म्हणाले."

"आणि?"

"आणि आले नाही," मावशी म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं. "तुमच्या देवाला सगळं दिसतं म्हणता ना? मग माझे दोनच हात आहेत, तेही दिसत असतील."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सिस्टरने कोऱ्या चार्टवर एकच ओळ लिहिली. नऊ, अंग पुसताना. खाली सही. नोकरी गेली तर जाईल, एवढा विचार तिने केला होता. मुलीला नेमकं काय वाटेल, हा विचार करायचं मात्र राहून गेलं. खरं बोलणाऱ्याला वाटतं, खरं ऐकायला समोरचा आतुर बसलाय.

मुलगी अकराला आली. सिस्टरने मॅनेजरसाहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर तिला गाठलं आणि कागद हातात दिला.

"ताई, आम्ही चार्ट सकाळीच भरून ठेवतो. सगळ्यांचे. त्या दिवशीचं खरं हे आहे."

मुलीने कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. "एकदाच?"

"एकदाच."

"रोज?"

"बहुतेक रोज. कधी दोनदा." सिस्टरला त्या दोनदाचीही लाज वाटली.

मुलीने कागद गुडघ्यावर ठेवला. मग सरळ आवाजात म्हणाली, "मी त्यांना घरी नेणार होते. दोन वर्षांपूर्वी. खोली रिकामी केली, नवऱ्याशी भांडले. बाबाच नको म्हणाले. म्हणाले, इथे मला घड्याळ लावून वळवतात, तुला एकटीला जमणार नाही. दर रविवारी फोनवर हेच. घड्याळ लावून वळवतात गं, तू झोप."

तिने मान वर करून सिस्टरकडे पाहिलं.

"ते खोटं बोलत होते, असं तुमचं म्हणणं आहे."

"ताई, मला खरं सांगायला हवं होतं."

"हवं होतं. ते होते तेव्हा." मुलीने कागदाची नीट घडी केली आणि सिस्टरच्या हातात परत दिली. "आता हे मी कुठे ठेवू?"

बापाचा चष्मा आणि दोन सदरे पिशवीत घालून ती निघून गेली. तक्रार केली नाही. मन हलकं होतं म्हणतात, तसं काही सिस्टरला झालं नाही. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं, तेही ज्याने काही केलं नव्हतं त्याच्या, आणि पहिला खांदा होता तसाच दुखत राहिला.

मॅनेजरसाहेब रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तिला क्षमा केली. शुक्रवारच्या प्रार्थनेत त्यांनी सिस्टरच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रभूचे उपकारही मानले, आणि एक कठीण प्रसंग टळल्याबद्दल. सगळे आमेन म्हणाले. सिस्टरही म्हणाली, सवयीने तोंडातून आलं.

त्याच दिवशी सात नंबरला नवा माणूस आला. एके काळी पाव भाजणारा, अंगाने दांडगा, पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेलेली. सिस्टरने त्या दिवशी एकही चार्ट आधी भरला नाही. दहाला ती सात नंबरकडे गेली आणि त्याच्या खांद्याखाली हात घातला. माणूस तसूभर हलला नाही. तिच्या कमरेतून कळ गेली.

"मावशी," तिने हाक मारली.

"आले, आले. दूध उतू जाईल."

सिस्टरने हात तसाच ठेवला. सहज खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं, तर चार्टवर आठपासून सहापर्यंत सगळे रकाने भरलेले. बाजू मावशीच्या वळणदार अक्षरात, आणि शेजारी मावशीने गिरवलेली सिस्टरची सही. बिचारीने तिची नोकरी वाचवली होती.

कागदावर तो आता पाठीवर होता. इथेही पाठीवरच होता. तो छताकडे बघत होता. सिस्टरने वाट पाहिली, की तो काहीतरी विचारेल.

साडेदहा झाले. दूध उतू गेल्याचा वास आला.