साबण न लागलेले आप्पेपात्र

मित्रांनो, माझ्या अंगावर नऊ खळगे आहेत आणि आज त्या नऊही खळग्यांना गंज चढला आहे. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधील एका फ्लॅटच्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले मी एक बिडाचे आप्पेपात्र आहे.

बेळगावजवळच्या ओतशाळेत मी जन्माला आलो. महानंदाबाईंनी मला विकत घेतले, तेव्हा मी राखाडी आणि खरखरीत होतो. त्यांनी आठवडाभर मला तेल लावून तापवले. हळूहळू माझ्या खळग्यांत काळा, गुळगुळीत थर बसला.

"याला साबण लावायचा नाही हं," असे त्या सर्वांना बजावत. "कोरड्या फडक्यानं पुसायचं, बस."

वीस वर्षे मला साबण लागला नाही. आप्पे न चिकटता सुटत. "अक्का, असे आप्पे आमच्याकडं होतच नाहीत," असे पाहुणे म्हणत. मला त्याचा फार अभिमान होता.

महानंदाबाई मुलाकडे बंगळुरूला राहायला आल्या आणि मीही आलो. त्यांची सून प्रमोदिनी पुण्याची. समोरच्या फ्लॅटमध्ये तिची मैत्रीण रक्षिता राहते, ती धारवाडची. रक्षिताची मुलगी हर्षिता सहा वर्षांची. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी हर्षिताचा घसा आतून सुजतो आणि श्वास अडतो. म्हणून प्रत्येक वाढदिवसाला ती स्वतःचा निळा डबा घेऊन जाई आणि त्यातलेच खाई.

प्रमोदिनीच्या मुलाचा, तनयचा, पाचवा वाढदिवस आला. "या वेळी डबा आणायचा नाही," प्रमोदिनीने सांगून टाकले. "सगळं तिला चालेल असंच करते."

तिने प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. काकडीच्या चकत्यांवर चक्का, काडीला टोचलेले पनीर आणि टोमॅटो, रव्याचे आप्पे. एका हाताने उचलून तोंडात टाकता येईल असेच सगळे.

रक्षिता दुपारी स्वयंपाकघरात डोकावली. "कूट?"

"डबाच घराबाहेर काढलाय."

"तेल?"

"सूर्यफुलाचं. पिशवी आत्ता फोडली."

"शेंगदाणा स्वल्पसुद्धा नाही ना?"

"नाही गं बाई! आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

रक्षिता हसली. "सरी, सरी. बरं बाई."

माझ्याबद्दल कोणीच विचारले नाही. चारच दिवसांपूर्वी संकष्टीला महानंदाबाईंनी माझ्यात साबुदाण्याचे आप्पे केले होते, मूठभर कूट घालून. प्रमोदिनीनेही ते आवडीने खाल्ले होते. नंतर मला नेहमीप्रमाणे फडक्याने पुसले. कूट थराला धरून राहिले होते, आणि तापवल्याने त्याचा धोका जात नाही. मला हे ठाऊक होते. पण नऊ खळगे असले तरी मला तोंड एकही नाही.

हर्षिताने तीन आप्पे खाल्ले. चौथा तिच्या हातातून पडला. ओठ सुजले, श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. रक्षिताने अशाच वेळेसाठी पर्समध्ये ठेवलेले इंजेक्शन तिच्या मांडीत टोचले आणि तिला उचलून ती जिन्याकडे धावली. तनयच्या केकवरची मेणबत्ती पेटवलीच गेली नाही.

हर्षिता वाचली. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती.

प्रमोदिनीने कचऱ्यातली पाकिटे काढून पुन्हा वाचली. काहीच सापडले नाही. मग ती माझ्यापाशी आली आणि तिने एका खळग्यातून पांढरा कागद फिरवला. कागद तपकिरी झाला.

"आई, संकष्टीनंतर हे धुतलं होतंत?"

"पुसलं होतं गं. साबण कुठं लावतो आपण..." बोलता बोलता महानंदाबाईंना ते मूठभर कूट आठवले.

प्रमोदिनीने काही लपवले नाही. रक्षिताच्या दारात उभे राहून तिने सगळे सांगितले. "भांड्याचं मीही विचारलं नाही," एवढेच रक्षिता म्हणाली आणि तिने दार लावून घेतले. आता हर्षिता आईच्या हातचा घासही वास घेतल्याशिवाय खात नाही. "हे कशात केलंस? भांडं दाखव," म्हणते.

मित्रांनो, मला माळ्यावरून काढा, असे मी म्हणणार नाही. पण पाहुण्यांसाठी बशा मांडाल, तेव्हा पदार्थात काय घातले एवढेच पाहू नका. तो ज्यात शिजला, त्यात काल काय शिजले होते, हेही आठवा. अशा मुलांसाठी भांडे वेगळेच ठेवा. माझ्यासारख्यांना खुशाल साबणाने घासा. थर गेला, तर तेल लावून आठवडाभरात पुन्हा बसतो. निळा डबा घरी ठेवून आलेली ती मुलगी मात्र त्यानंतर या दारात आलेली नाही.