टेबलाच्या कडेवरचा हात

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये होतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दरवाजाचा रोलर बदलत होतो आणि खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. म्हटलं, एवढा बोल्ट आवळतो आणि बघतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. लेक होती. "बाबा, आईला कामावर काहीतरी झालंय." काहीतरी म्हणजे काय, ते तिच्या आवाजावरूनच कळलं. हृदय बंद पडलं होतं. वय बावन्न.

पंचवीस वर्षं ती लाँड्रीत होती. इस्त्री आणि घड्या. शेवटची दोन वर्षं मात्र एका संशोधन संस्थेत जायची. तिथे रोबोटला कपड्यांच्या घड्या घालायला शिकवत होते, आणि त्याला शिकवायचं तर आधी माणसानं करून दाखवावं लागतं. हिच्या हातांत तारा लावलेले मोजे चढवायचे, डोक्यावर कॅमेरे, आणि ही दिवसभर शर्टांच्या घड्या घालायची. रोजचे तीनशे. तिचे हात जसे हलतील तसं सगळं टिपून ठेवायचे, आणि त्यावरून यंत्र शिकायचं.

रात्री जेवताना त्याच गप्पा. "आज त्यानं बाही कॉलरमधून ओढली. शर्टाला फाशीच दिली मेल्यानं." नाहीतर, "तुमच्यापेक्षा हुशार आहे हो. तुम्हाला एवढ्या वर्षांत साधी टॉवेलची घडी जमली नाही." तिथल्या मुख्य बाईंना सगळे डॉक्टर म्हणत. ही म्हणायची, "नावाच्याच डॉक्टर. पडसं झालं की काय घेऊ म्हणून मलाच विचारतात."

"अहो, एकदा या ना बघायला," असं निदान दहा वेळा म्हणाली असेल. मी म्हणायचो, रोज यंत्रंच बघतो, सुट्टीच्या दिवशीही तेच कशाला?

गेलो तो ती गेल्यावर तीन महिन्यांनी. तिचा चष्मा, चपला आणि स्वेटर तिथे राहिले होते, ते घेऊन जा म्हणून डॉक्टरबाईंचा फोन आला होता. तिशीच्या असतील. दारातच म्हणाल्या, "तुम्ही भाऊजी ना? ताई आमच्या सगळ्यांच्याच ताई होत्या." पिशवी माझ्या हातात दिली आणि जरा घुटमळल्या. "ताईंचं काम बघायचंय का?"

खोलीत एक पांढरं टेबल होतं आणि त्याला खांद्यापासून बोटांपर्यंत दोन हात बसवलेले. डोकं नाही, धड नाही. बाजूला टोपलीत चुरगळलेले शर्ट. बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं.

हातांनी शर्ट उचलला, दोनदा झटकला, पालथा घातला. मग उजवा हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूनं शर्टाच्या पाठीवरून फिरवला. इस्त्री केलेलं कापड किती तापलंय हे ती तसंच बघायची, बोटांची टोकं पोळू नयेत म्हणून. इथे इस्त्री नव्हती. कापड थंडच होतं. तरी यंत्र बघत होतं.

मी स्टूल ओढून बसलो.

चार शर्ट झाले आणि यंत्र थांबलं. डावा हात टेबलाच्या कडेवर गेला, कड धरून राहिला. उजवा अर्ध्या घडीवर, जरासा थरथरत. मी मनात मोजत होतो. लिफ्टचा दरवाजा किती वेळ घेतो ते मोजायची सवय आहे. अकरा सेकंद. मग पुन्हा काम सुरू.

"काय बिघडलंय?" मी विचारलं.

"बिघाड नाही, भाऊजी. ताईंची पद्धत आहे. घडी कुठे वाकडी जातेय का ते त्या थांबून बघायच्या. आमचा प्रोग्रॅम रिकामा वेळ आपोआप गाळतो. पण इथे हात थोडा हलत असतो ना, म्हणून त्यानं हे कामच धरलं. मग आम्हीही ठेवलं."

"मॅडम, ती घडीकडे कधीच बघायची नाही. टीव्ही बघत घालायची. माझ्याशी भांडत घालायची."

आणखी पाच शर्ट झाले. पुन्हा तो हात कडेवर गेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बस गं जरा."

यंत्र उगाच थांबत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली तर माणसं नशिबाला दोष देतात, पण वर चढून बघितलं की कारण सापडतंच. मी विचारलं, "हे थांबणं कधीपासूनचं आहे?"

सगळ्या टिपणांवर तारखा होत्या. बाई शोधत बसल्या. बराच वेळ गेला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पहिल्या वीस महिन्यांत एकदाही नाही. शेवटच्या चार महिन्यांत सुरू झालं. आधी दिवसातून एखाद वेळा. शेवटच्या आठवड्यात दर चार-पाच शर्टांनंतर.

"आम्ही रोज बघत होतो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, ताई आता जास्त बारकाईनं करतात."

मी त्यांना काय बोलणार? तेच चार महिने ती घरी माझ्या डोळ्यांसमोर होती. ओट्याची कड धरून उभी राहायची. मी म्हणायचो, "दमलीस का?" ती म्हणायची, "काही नाही हो, ॲसिडिटी." मी गोळ्या आणून द्यायचो आणि मला वाटायचं, बायकोची किती काळजी घेतो मी.

निघताना बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, यंत्राचं हेच शिकलेलं पुढच्या महिन्यात एका कंपनीला जाणार आहे. हॉस्पिटलांच्या लाँड्रीत असे दोनशे हात बसतील आणि ते दोनशेही असेच थांबतील. शेवटचे चार महिने वगळून यंत्राला नव्यानं शिकवलं तर हे जाईल. पण त्या चार महिन्यांतल्या ताई मग त्यात कुठेच राहणार नाहीत. "आम्ही परस्पर ठरवणार नाही. तुम्ही सोमवारपर्यंत सांगा."

लेक म्हणाली, "काढून टाकायला सांगा, बाबा. आईचं दुखणं दोनशे ठिकाणी कशाला हवंय?" तिचं बरोबर आहे. मीही फोन हातात घेतला होता. पण घरी तिनं सगळं लपवलं. ते मोजे चढवल्यावर तिला लपवता आलं नाही. तेवढं एक पुसलं की तिला दुखत होतं हे कुठेच राहत नाही. राहतात त्या मी आणलेल्या गोळ्या.

परवा पुन्हा गेलो होतो. काम आटोपून, तसाच ग्रीसच्या हातांनी. बाईंनी स्टूल पुढे केलं. तासभर बसलो. हात कडेवर गेला की मी प्रत्येक वेळी उठून उभा राहत होतो. उठून करणार काय, तर काही नाही. अकरा सेकंदांनी पुन्हा खाली बसायचं.

सोमवार होऊन नऊ दिवस झाले. बाईंना मी अजून काहीच सांगितलेलं नाही.