तिघांतले दोन

चौकोन

एक चौकोन काढा. त्याच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके द्या, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यात दोन इलेक्ट्रॉन सोडा. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून ते होता होईल तितके लांब, समोरासमोरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. एका तिरक्या रेषेवर बसले तर एक, दुसरीवर बसले तर शून्य. शेजारी तसलाच चौकोन ठेवला की तोही पहिल्याचं बघून तसाच बसतो. तार नाही, वीज वाहत नाही. आपलं घर सोडून कुणी कुठे जात नाही. नुसती शेजाऱ्याची झळ लागते.

मृणाली पवईला एम.टेक. करत होती आणि असे चौकोन आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढत बसायची. शहाण्णव साल होतं. असले चौकोन जगात अजून कुणी चालवून दाखवले नव्हते. तिला त्यांच्यातून बेरीज करणारं सर्किट रचायचं होतं.

पेणच्या खाडीकाठी, मिठागराच्या बांधावर, तिने बापाला, काळुरामला, हे सांगून पाहिलं.

"दिसतं का पन ते?"

"नाय दिसत, बा. कुणालाच नाय."

"मग आपलं मीठ बरं. जिभेला तरी कळतं."

तीन बाजू

मधे एक चौकोन. त्याला तीन बाजूंनी तीन चौकोन भिडलेले. मधला ऐकतो कुणाचं? तिघांतले दोन म्हणतील त्यांचं. संबंध सर्किट याच एका युक्तीवर उभं राहतं.

मृणालीला ही युक्ती पहिल्या वाचनात समजली, कारण ती त्यातच वाढली होती. काळुराम घरातलं काही स्वतः ठरवत नसे. बायको ठमाबाई, थोरला जितेश आणि मृणाली, तिघांना पुढ्यात बसवायचा आणि म्हणायचा, "दोघं म्हनतील ते."

कोपऱ्याला कोपरा

तेच दोन चौकोन शेजारी न ठेवता कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले, की दुसरा पहिल्याच्या बरोबर उलट बसतो.

जितेश आणि मृणाली तसे ठेवलेले होते. जितेशला रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपनीत जायचं होतं. मृणाली नको म्हणाली. मृणालीला मुंबईला शिकायचं होतं. जितेश नको म्हणाला. दोन मतं एकमेकांना खाऊन टाकायची आणि उरायची ठमाबाई. शेवटी तीच ठरवायची. जितेशच्या हातावर ॲसिड उडालं तेव्हा तिला कुणी शब्दाने बोललं नाही. पण पोराला जेवायला वाढताना त्या हाताकडे बघून ती दर वेळी म्हणायची, "मीच जा म्हनलं व्हतं."

रोहा

चैत्रात काळुराम एका दिवसासाठी जितेशच्या रोह्याच्या खोलीवर गेला आणि तिथेच कोसळला. मृणाली पवईहून पोचली तोवर डॉक्टरांचं बोलून झालं होतं. डोक्यात रक्तस्राव झालाय. मुंबईला नेलंत तर ऑपरेशन होईल, थोडी आशा आहे, पण वाटेतही काही होऊ शकतं. नाहीतर घरी न्या, आपल्या माणसांत राहतील.

तिघं दवाखान्यातल्या बाकावर बसली. पुढ्यात बसवणारा आत पडलेला.

"घरी," जितेश म्हणाला. "परक्यांत नळ्या लावून नको. बाला खाडीचा वारा लागू दे."

मृणालीच्या जिभेवर मुंबई होती. कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा, सगळं तिने येतानाच जुळवलं होतं. तिने आईकडे बघितलं. ठमाबाई समोरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. आता आपण मुंबई म्हटलं की निकाल आयेवर. मग बा वाटेत जावो नाहीतर घरी, उरलेला जन्म ती स्वतःलाच दोषी धरणार.

"तुझं काय गो?" जितेशने भांडायच्या तयारीने विचारलं.

"दादा म्हनतो ते."

"आजारी हायस का?"

"नाय. घरीच नेऊ."

दोन झाले. तिसऱ्याला विचारायचं कारणच उरलं नाही. ठमाबाई उठली, चपला पायात सरकवल्या आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच डॉक्टरांपुढे जाऊन म्हणाली, "घरी नेतो त्यांना." आईचं ओझं आपण उतरवलं, असं मृणालीला वाटलं. नागोठण्यापर्यंत जीपमध्ये ती रडली, ते बापासाठी होतं, आणि थोडं त्या समाधानाने.

काळुराम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

आउटपुट

बाराव्याची माणसं पांगली. परसात टोप घासताना मृणाली म्हणाली, "आये, बरं झालं ना, घरी आनला?"

ठमाबाईने घासलेला टोप उपडा घातला. "मला मुंबईला न्यायचा व्हता."

"मग बोललीस का नाय?"

"दोघं म्हनलात ना. मिठागरात खाडीचं पानी आज घ्यायचं का उद्या, तिघा भागीदारांतले दोघं म्हनतील ते. आन् ज्याचं चाललं नाय, त्यानंच जाऊन बांधातल्या उघाडीची फळी उचलून पानी घ्यायचं. म्हंजे पोटात राग ऱ्हात नाय. तुझ्या बाचा नेम." तिने राखेचे हात धुतले. "म्हून मी गेले डॉक्टरकडं."

आईच्या पोटात राग राहिला का, ते मृणालीला विचारवेना.

"मला वाटलं, तू मुंबईच म्हनशील," ठमाबाई म्हणाली. "शिकलेली हाय, ती म्हनंल. मंग मी व्हय म्हननार व्हते."

रात्रीच्या जेवणानंतर जितेशने विषय काढला. आयेने आता त्याच्याकडे रोह्याला यावं. इथे एकटीने काय करायचं? बोलून झाल्यावर त्याने सवयीने मृणालीकडे बघितलं. तिच्या मनात नको होतं, ओठांवरही आलं होतं.

"आये," ती म्हणाली, "आधी तू सांग."

ठमाबाईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिला कुणी कधी पहिलं विचारलं नव्हतं.

"तुमी दोघं बोला की," ती म्हणाली.

जितेशने मृणालीकडे बघितलं. मृणालीने आईकडे. ठमाबाई त्यांच्या बोलण्याची वाट बघत बसली.